आजीचं ताट वेगळं का केलं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या लॅबच्या खिडकीशी भांडुपहून आलेला एक चाळिशीचा माणूस उभा होता. शर्ट भिजलेला होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आईचा रिपोर्ट कोरडा ठेवला होता. आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होणार होतं. दोन महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या एका रुग्णालयात कावीळ म्हणून नऊ दिवस होती आणि तिथे तिला बरीच इंजेक्शनं दिली होती. म्हणून आमच्याकडे तपासणीला आली तेव्हाच सिस्टरनी गुदद्वारातून स्वॅब घेतला होता. रिपोर्टवर लिहिलं होतं: क्लेबसिएला, कार्बापेनेम रेझिस्टंट. म्हणजे क्लेबसिएला नावाचा जंतू, कार्बापेनेम गटातल्या जोरदार अँटिबायोटिकलाही न जुमानणारा.

"मॅडम, आईला ताप नाही, दुखत नाही, काही नाही. मग हे काय आलंय?"

मी सांगायला सुरुवात केली. त्याने ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरी तिचं ताट-वाटी वेगळं केलंय. पोरांना जवळ जाऊ देत नाही आम्ही. ती काही बोलत नाही, पण जेवतही नाही नीट."

मी त्याला आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि दहा मिनिटं बोलले. तेवढ्यात सगळं सांगून झालं नाही. तो निघाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अजून प्रश्न होते. असे चेहरे मी बरेच पाहते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक फरक. जंतू अंगात वस्तीला असणं वेगळं आणि त्या जंतूने माणसाला आजारी पाडणं वेगळं. पहिल्याला डॉक्टर कोलोनायझेशन म्हणतात, दुसऱ्याला इन्फेक्शन. त्या आजींना इन्फेक्शन नव्हतं. त्यांच्या आतड्यात एका हट्टी जंतूची वस्ती होती, एवढंच.

अशी वस्ती आपल्या सगळ्यांच्या अंगात असते. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा कमी तर नाहीतच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात आणि आपलं काही बिघडवत नाहीत, उलट पुष्कळ कामं करतात. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे त्याच गर्दीतले. ते आतड्यात असतात तोवर कोणाला कळतही नाही. तोच ई. कोलाय लघवीच्या मार्गात चढला की जळजळ आणि थंडी वाजून ताप, रक्तात शिरला की जिवाशी खेळ. लघवीची बहुतेक इन्फेक्शनं बाहेरून येत नाहीत, माणसाच्या स्वतःच्याच आतड्यातून येतात. नाकाचंही तसंच आहे. साधारण दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो आणि त्याला आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

आता यातल्या काही जंतूंवर आपली औषधं चालेनाशी झाली आहेत. पण औषध चालत नाही म्हणून जंतू जास्त विषारी होतो, असं नाही. आतड्यात तो तितकाच गुमान बसतो. फरक पडतो तो आजारी पाडल्यावर, कारण तेव्हा नेहमीची औषधं हाताशी राहत नाहीत.

मग रुग्णालयाच्या दारातून आत येणाऱ्या माणसांपैकी किती जणांच्या अंगात असे जंतू असतात?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एक आकडा पेपरांत आणि फोनवर खूप फिरला. माझ्याकडे तो "८३ टक्के भारतीयांच्या शरीरात सुपरबग" अशा रूपात आला. तीन नातेवाइकांनी पाठवला, एकीने तर रात्री फोन करून विचारलं. मूळ अभ्यास हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा, लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय प्रकाशनाच्या कुटुंबातल्या एका नियतकालिकात छापून आलेला. भारत, इटली, अमेरिका आणि नेदरलँड्स या चार देशांतले बाराशेहून जास्त रुग्ण त्यात होते. त्या सगळ्यांची ईआरसीपी होणार होती, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाण्याची तपासणी. या रुग्णांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण भारतात ८३ टक्के निघालं, इटलीत साडेएकतीस, अमेरिकेत २० आणि नेदरलँड्समध्ये ११ टक्क्यांच्या आसपास.

आकडा खरा आहे आणि गंभीरही. पण तो "भारतीयांचा" नाही, एका विशिष्ट तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात आलेल्या भारतीय रुग्णांचा आहे. पित्तनलिकेचा आजार असलेला माणूस तिथे पोचेपर्यंत बहुधा दोन-तीन डॉक्टर करून आलेला असतो, अँटिबायोटिकचे एक-दोन कोर्स घेतलेला असतो, कुठेतरी भरतीही झालेला असतो. भांडुपच्या आजी अगदी याच वाटेने आल्या होत्या. त्या आकड्यावरून रस्त्यावरच्या माणसाविषयी बोलणं म्हणजे केईएमच्या ओपीडीबाहेरची रांग बघून परळमधली सगळीच माणसं आजारी आहेत म्हणण्यासारखं आहे.

८३ च्या पोटात दोन आकडे आहेत आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. भारतीय रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांकडे ईएसबीएल प्रकारचे जंतू होते आणि साडेतेवीस टक्क्यांकडे कार्बापेनेमलाही दाद न देणारे, काहींकडे दोन्ही.

ही दोन नावं समजून घेण्यासारखी आहेत. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं यांच्या रेणूत एक छोटी चौकोनी कडी असते, औषधाचं सगळं बळ तिच्यात. काही जंतू एक एन्झाइम तयार करतात आणि ती कडी कापून टाकतात. साधं एन्झाइम पेनिसिलिन कापतं. ईएसबीएल हे त्याहून वस्ताद, सेफट्रायक्झोन, सेफिक्झिम अशी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी औषधंही ते कापतं. तिथे डॉक्टरांना मेरोपेनेमसारखं कार्बापेनेम काढावं लागतं. ही शिरेतून द्यायची, दिवसातून तीनदा लागणारी इंजेक्शनं असतात. आणि जो जंतू कार्बापेनेमही कापतो, त्याच्यासाठी फार थोडी औषधं उरतात. त्यातलं कोलिस्टिन हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून एके काळी मागे पडलं होतं, पण नाइलाजाने परत काढावं लागलं.

मग धडधाकट माणसांचं काय? त्यांचेही अभ्यास आहेत. जगभरच्या अनेक अभ्यासांची बेरीज करून २०१६ मध्ये एक आढावा छापला गेला. काहीही आजार नसलेल्या माणसांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या आतड्यात ईएसबीएल जंतू सापडले होते. युरोपात ते ४ टक्के होतं आणि जागतिक आरोग्य संघटना भारताला ज्या आग्नेय आशिया विभागात धरते त्या विभागात २२ टक्के. म्हणजे आपल्या भागात, सावधपणे मोजलं तरी, एका डब्यातून जाणाऱ्या दर पाच निरोगी माणसांत एकाच्या पोटात हे जंतू असण्याची शक्यता आहे, आणि त्यातल्या कोणीही रुग्णालयाची पायरी चढलेली नसेल.

मला सगळ्यात बोलका वाटणारा अभ्यास नेदरलँड्सचा आहे. तिथल्या संशोधकांनी परदेशी फिरायला निघालेल्या दोन हजार लोकांच्या शौचाचे नमुने प्रवासाआधी आणि परतल्यावर तपासले. जाताना ज्यांच्यात ईएसबीएल जंतू नव्हते आणि जे दक्षिण आशियात आले, त्यांच्यापैकी ७५ टक्के लोक येताना हे जंतू घेऊन गेले. चारातले तीन! ते इथे भरती झाले नव्हते. जेवले, पाणी प्यायले, हात मिळवले, शौचालय वापरलं. पुढे निम्म्या लोकांच्या आतड्यातून हे जंतू महिन्याभरात निघून गेले. साधारण ११ टक्क्यांच्या पोटात मात्र ते वर्षभरानंतरही होते.

हे मी आजींच्या मुलाला सांगितलं, कारण त्याच्या बायकोला वाटत होतं की हे आपल्या घरातल्या अस्वच्छतेमुळे झालं. तिने स्वयंपाकघर दोनदा फिनाइलने पुसलं होतं. तिला अपराधी वाटावं असं यात काही नाही. हे जंतू शौचातून सांडपाण्यात जातात, सांडपाण्यातून पाण्यात, भाजीत, हातांवर येतात आणि हातांवरून परत तोंडात. २०११ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले होते. त्यातल्या ५१ मध्ये एनडीएम नावाचं कार्बापेनेम कापणारं जनुक सापडलं. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकीही दोनांत ते होतं. मुंबईत गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले पाण्याचे पाइप कोणी पाहिले नाहीत? एका सार्वजनिक शौचालयासमोर सकाळी लागणारी रांग पाहिली नाही? जिथे शेकडो माणसांना एकच नळ आणि मोजकी शौचालयं, तिथे आतड्यातला जंतू एकाचा राहत नाही, वस्तीचा होतो. एखाद्या सुनेने फिनाइलने लादी पुसून हे थांबत नाही. हे थांबवायला पाइप बदलावे लागतात, मलवाहिन्या टाकाव्या लागतात, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते.

एनडीएमचं नाव निघालंच आहे तर त्याची गोष्टही सांगते. तिच्यात मुंबईचाही भाग आहे. भारतीय वंशाचा एक स्वीडिश माणूस भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतला. २००८ मध्ये तिथे त्याच्या लघवीत कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला सापडला. त्यातल्या नव्या एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव मिळालं आणि आपल्याकडे त्या नावावरून मोठा वाद झाला. वादात एक बारकी गोष्ट मागे पडली. त्याच रुग्णाच्या शौचात ई. कोलाय सापडला होता आणि त्यातही तेच जनुक होतं. म्हणजे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे ते गेलं होतं, बहुधा त्या माणसाच्या आतड्यातच.

हे कसं होतं? चाळीत एखादीचा मालवणी मसाला चांगला जमतो. ती प्रमाण एका चिठ्ठीवर लिहून शेजारणीला देते, शेजारीण उतरवून घेते आणि तिसरीला देते. चिठ्ठी न्यायला नातं लागत नाही, शेजार पुरतो. जंतूंकडे अशी चिठ्ठी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. डीएनएचं एक छोटं कडं, मुख्य जनुकांपासून सुटं. दोन जंतू एकमेकांना चिकटतात आणि एक आपल्या कड्याची नक्कल दुसऱ्याला देतो. एका चिठ्ठीवर चार-पाच औषधांचा तोड एकत्र लिहिलेला असू शकतो. म्हणून कधी एकच औषध घेतलेल्या माणसाच्या जंतूतही पाच औषधं निकामी झालेली दिसतात.

२०१० च्या मार्चमध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं की तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्यातल्या जातीचे २४ जंतू सापडले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम होतं. सगळं जग या नावाने हादरलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मुंबईतल्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढची घसरण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, अहवालांत दिसते. रुग्णालयांतल्या आजारी माणसांच्या नमुन्यांतल्या ई. कोलायपैकी इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद न देणारे २०१६ मध्ये १४ टक्के होते, २०२१ मध्ये ३६ टक्के झाले. पाच वर्षांत अडीच पट. हे आकडे आजारी माणसांचे आहेत, नुसती वस्ती असलेल्यांचे नाहीत, पण अशी वस्ती किती पसरत चालली असेल याचा अंदाज यावरून येतो.

आता जरा लॅबमध्ये या. आपल्या रिपोर्टवरचे शब्द कुठून येतात ते बघितलेलं बरं.

स्वॅब म्हणजे टोकाला कापूस गुंडाळल्यासारखी एक बारीक काडी. ती येते तेव्हा तिच्यावर थोडासा मळ लागलेला असतो, लागायलाच हवा, नाहीतर नमुना नीट घेतलेला नाही. मॅकॉन्की नावाच्या माध्यमाची प्लेट असते, विटकरी-गुलाबी रंगाची, जेलीसारखी घट्ट. तिच्या एका कोपऱ्यात काडी फिरवायची आणि तारेच्या लूपने चार टप्प्यांत रेघा ओढत न्यायचं, म्हणजे जंतू विरळ विरळ होत जातात. वस्ती शोधायची असेल तर माध्यमात आधीच औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे साधे जंतू उगवतच नाहीत. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी इन्क्युबेटर उघडला की वास येतो आणि प्लेटवर गुलाबी ठिपके दिसतात, टिकल्या चिकटवल्यासारखे. ई. कोलायच्या टिकल्या चपट्या, कोरड्या. क्लेबसिएलाच्या फुगीर, ओल्या, चकचकीत. काही वेळा लूपने उचलायला जावं तर गुळाच्या पाकाला तार सुटते तशी तार येते. त्या आजींच्या प्लेटवर अशीच तार आली होती.

मग त्यातली एक टिकली घेऊन दुसऱ्या प्लेटवर सारखी पसरायची आणि वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ज्या औषधाला जंतू घाबरतो त्या चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं, जणू ओल्या अंगणात ताट उलटं ठेवून उचललं. ज्याला घाबरत नाही, त्या चकतीच्या कडेला चिकटून तो उगवतो. वर्तुळ मोजपट्टीने मोजायचं आणि रिपोर्टवर एस, आय किंवा आर लिहायचं. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे जास्त डोसने कदाचित चालेल. मोठ्या लॅबमध्ये आता हे मशीन करतं, पण चकत्यांची प्लेट डोळ्यांनी बघितली की गोष्ट समजते. त्या मुलाला मी ती दाखवली. मेरोपेनेमच्या चकतीला जंतू चिकटून होते. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे हे औषध आईला दिलं असतं तर पाण्यासारखं गेलं असतं."

बरोबर. आणि दाखल होतानाच ही तपासणी करण्याचं मुख्य कारण हेच आहे. समजा ऑपरेशननंतर आजींना रक्तातलं इन्फेक्शन झालं. रक्ताचा कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात, आणि अंदाज चुकला तर तेच दोन-तीन दिवस हातचे जातात. आतड्यात कोण बसलंय हे आधी माहीत असेल तर अंदाज बरोबर लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दुसरं कारण शेजारच्या खाटेवरचा माणूस. ज्याला केमोथेरपी चालू आहे, ज्याला व्हेंटिलेटर लावलाय, जे बाळ सातव्या महिन्यात जन्मलंय, त्यांच्यापर्यंत हा जंतू पोचू नये. तो हवेतून उडत नाही. तो हातांवरून जातो, बेडपॅनवरून, युरिन बॅगच्या नळीवरून, सिंकमधून, खाटेच्या दांड्यावरून. म्हणून अशा रुग्णाला शक्य असेल तर वेगळी खोली, नाहीतर कडेची खाट. त्याच्याजवळ जाताना गाऊन आणि ग्लोव्हज, निघताना ते काढून हात धुणं, आणि त्याचं थर्मामीटर, बीपीचा पट्टा, बेडपॅन फक्त त्याच्यासाठी. ही "बंदी" रुग्णासाठी नसते, जंतूच्या प्रवासासाठी असते.

नेदरलँड्समध्ये नाकातल्या एमआरएसएसाठी, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी, वर्षानुवर्षं शोधा आणि संपवा असं धोरण आहे. परदेशातल्या रुग्णालयातून आलेल्या माणसाला आधी वेगळं ठेवतात, तपासतात, रिपोर्ट साफ आला तरच सर्वसाधारण वॉर्डात घेतात. तिथे वाहक थोडे, म्हणून हे परवडतं आणि जमतं. आपल्याकडे हेच जसंच्या तसं आणा म्हणणाऱ्यांना मी विचारते: जिथे अशा रुग्णांचं प्रमाण अर्ध्याच्या वर जाऊ शकतं, तिथे वेगळ्या खोल्या किती लागतील? मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटा भरल्या की गाद्या खाली टाकतात. तिथे एक सिस्टर चाळीस रुग्ण बघते. सगळ्यांचा स्वॅब घेऊन सगळ्यांना वेगळं करणं तिथे होणार नाही. माझं मत असं की तपासणी नेमक्या माणसांची करावी: आयसीयूत जाणारे, केमो किंवा बोन मॅरो प्रत्यारोपणाचे रुग्ण, दुसऱ्या रुग्णालयातून आलेले, गेल्या काही महिन्यांत भरती झालेले किंवा जोरदार अँटिबायोटिक घेतलेले. बाकी सगळ्यांच्या बाबतीत, जंतू असतीलच असं धरून हात धुवावेत. वॉर्डात दर दोन खाटांमध्ये चालू नळ, साबण आणि सॅनिटायझरची भरलेली बाटली असणं, हे मला शंभर स्वॅबांपेक्षा मोलाचं वाटतं. आमच्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी बेडपॅन धुतल्यावर कोपरापर्यंत हात धुतात. त्यांना कोणी प्लाझ्मिड समजावलेलं नाही. पण त्या एका सवयीने किती जण वाचले असतील याची मोजणी कुठल्याही अहवालात येत नाही.

लोक हमखास विचारतात, "मग औषध देऊन हा जंतू मारून टाका ना." आतड्यातली वस्ती हटवायला औषध देऊ नये, असंच सध्याचं वैद्यकीय मत आहे. जंतू पुरता जात नाही, परत येतो, आणि दिलेल्या औषधालाही सरावतो. (नाकातल्या स्टॅफिलोकोकसचं वेगळं आहे. काही मोठ्या ऑपरेशनांआधी नाकात मलम आणि औषधी साबणाने आंघोळ देतात, त्याचा उपयोग होतो.) आतड्याचं गणित शेतासारखं आहे. माझ्या मामाची कणकवलीजवळ भातशेती आहे. लावणी दाट झाली की तण डोकं वर काढत नाही, विरळ झाली की बेणणी करून कंबर मोडते. आतड्यातले साधे जंतू म्हणजे ते दाट भात. अँटिबायोटिक घेतलं की भात जळतं, तण तेवढं राहतं आणि मोकळ्या जागेत फोफावतं. जंतू पोटात पाण्यातून आला असेल, पण मूठभराचा ढीगभर झाला तो औषधाने मोकळ्या केलेल्या जागेत. म्हणून बहुतेक वेळा उपाय हाच की गरज नसताना अँटिबायोटिक घेऊ नये आणि भाताला परत दाट होऊ द्यावं. त्याला काही आठवडे लागतात, काहींना काही महिने.

इथे मेडिकलच्या दुकानाचा विषय निघतोच. सर्दी झाली, घसा धरला, की "एक ॲझी दे" म्हणून पाचशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळे होतो, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो फक्त आतड्यातल्या भातावर. १ मार्च २०१४ पासून देशात शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातली औषधं, ज्यात सेफिक्झिमसारखी बरीच वरची अँटिबायोटिक्स येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकली की दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. कायदा चांगला आहे. पण चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदाराला, चिठ्ठी न नेणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि ओपीडीतल्या गर्दीत झटकन अँटिबायोटिक लिहून मोकळ्या होणाऱ्या डॉक्टरला, तिघांनाही तो रोज मोडता येतो. डॉक्टर म्हणून या तिसऱ्या नावाची मला जास्त लाज वाटते.

आता पुन्हा त्या घराकडे. मी त्याला सांगितलं, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. नेहमीच्या साबणाने घासलेलं ताट सगळ्यांना चालतं. नातवंडांना आजीच्या कुशीत झोपू द्या. कपडे रोजच्यासारखे धुवा. शौचाला जाऊन आल्यावर आणि स्वयंपाकाला, जेवायला बसण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुणं, हे आजींनी करायचं आणि घरातल्या प्रत्येकाने करायचं, कारण घरात आणखी कोणाच्या पोटात तोच जंतू नसेल असं नाही. घरात कोणी तान्हं बाळ, केमोचा रुग्ण किंवा लघवीची नळी घातलेलं माणूस असेल तर जास्त जपायचं. त्यांच्या घरी तसं कोणी नव्हतं.

"आणि आईला काही होईल का याने?" हा प्रश्न त्याने शेवटी विचारला, आणि तोच खरा होता. खोटा दिलासा द्यायचा नव्हता. असे जंतू बाळगणाऱ्या रुग्णांचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा निघाला, त्यात साधारण सहापैकी एकाला पुढे त्याच जंतूचं इन्फेक्शन झालं. पण ते रुग्णालयात पडून असलेले, पुष्कळसे आयसीयूतले लोक होते. घरी हिंडत्या-फिरत्या बाईचा धोका त्याहून बराच कमी. सहापैकी पाच जणांना त्या अवस्थेतही काही झालं नाही, हेही मी त्याला सांगितलं.

सर्जनशी मी फोनवर बोलले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, यादीत शेवटचं लावून, म्हणजे नंतर थिएटर नीट पुसायला वेळ मिळावा. लघवीची नळी दुसऱ्याच दिवशी काढली, कारण नळी जितके दिवस राहते तितकी जंतूला शिडी मिळते. चौथ्या दिवशी आजी घरी गेल्या.

टाके काढायला आल्या तेव्हा मुलगा त्यांना खिडकीशी घेऊन आला. हातात नातीने रंगवलेली कागदी फाइल होती. "आता हा रिपोर्ट फेकून देऊ का?" आजींनी विचारलं. मी म्हटलं, नको, फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. पुढच्या वर्षभरात कुठेही दाखल व्हायची वेळ आली, तर आधी हा कागद पुढे करा आणि गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं तेही सांगा. त्यांनी मुलाकडून पेन मागून घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: डॉक्टरांना आधी दाखवणे.